ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेटनंतर डिस्प्ले जातो? आधी तो नेमका कधी जातो ते बघा

ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणारं सॉफ्टवेअर, अपडेट केला, कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. पंखे फिरतायत, कीबोर्डचे दिवे लागलेत, पण पडद्यावर काहीच नाही. कसंबसं सेफ मोडमध्ये (विंडोज किमान गोष्टींवर चालतं त्या अवस्थेत) शिरून ड्रायव्हर काढला की सगळं सुरळीत, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. या दुखण्यावर जे उपाय सांगितले जातात ते बहुतेक बरोबरच असतात. घोळ होतो तो क्रमाचा. केबल खराब असताना लोक विंडोज नव्याने टाकतात आणि ड्रायव्हर खराब असताना नवा पॉवर सप्लाय आणतात.

म्हणून काहीही उचकटण्याआधी एकच गोष्ट तपासा. कॉम्प्युटर पूर्ण बंद करून चालू करा आणि मदरबोर्डचा लोगो दिसतो का ते बघा. लोगो दाखवायचं काम ग्राफिक्स कार्डावरचं स्वतःचं फर्मवेअर (कार्डातच साठवलेलं सॉफ्टवेअर) करतं. विंडोजचा ड्रायव्हर तोवर मेमरीत आलेलाही नसतो. तेव्हा लोगो दिसला, खाली फिरणारं वर्तुळ दिसलं आणि लॉगिनचा पडदा यायच्या बेताला अंधार झाला, तर संशय ड्रायव्हरवर, कारण साधा डिस्प्ले सोडून ड्रायव्हर ताबा घेतो तो याच सुमारास. उलट लोगोच येत नसेल, बायोसमध्येही (मदरबोर्डच्या सेटिंग्जच्या पडद्यावर) शिरता येत नसेल, तर ड्रायव्हर कितीही वेळा बदला, फरक पडणार नाही. मग बघायचं ते केबल, मॉनिटर, कार्ड नीट बसलंय का, त्याला वीज पोचते का, हे.

या कसोटीला अपवाद आहेत. दोन मॉनिटर असतील तर लोगो बहुधा एकावरच येतो, आणि तो तुम्ही बघताय तोच असेल असं नाही. बायोसमध्ये फास्ट बूट चालू असेल तर लोगो इतक्या पटकन जातो की मॉनिटर जागा होईपर्यंत तो संपलेला असतो. आणि एक खरोखरचा अपवाद म्हणजे लोगो दिसत नाही, पण विंडोज पूर्ण सुरू झाल्यावर चित्र येतं. हा दोष कार्डाच्या फर्मवेअरचा. डिस्प्लेपोर्ट (मॉनिटर जोडायचा एक प्रकार) १.३ आणि १.४ च्या मॉनिटरवर जुन्या कार्डांना हा त्रास व्हायचा, त्यासाठी ग्राफिक्स कार्डांची कंपनी एनव्हिडियाने २०१८ मध्ये फर्मवेअर अपडेटचं वेगळं टूल दिलं. आरटीएक्स ५०६० मालिकेतल्या काही कार्डांवर रीबूट करताना पडदा कोरा राहायचा, त्यासाठीही २०२५ मध्ये तसंच टूल आलं. असल्या तक्रारी ड्रायव्हर पुढेमागे करून मिटत नाहीत.

पहिली पाच मिनिटं

ड्रायव्हर इन्स्टॉल होत असताना पडदा काही सेकंद काळा होणं, लुकलुकणं, रिझोल्यूशन बदलणं हे सगळं अपेक्षित आहे. जुना ड्रायव्हर उतरतो, नवा चढतो, मधल्या वेळात पडद्याला वाली नसतो. त्या घाईत पॉवर बटण दाबून धरलं तर ड्रायव्हर अर्धवट राहतो, आणि नसलेली अडचण खरोखर तयार होते. दहाएक मिनिटं थांबा. हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर आणखी थांबा.

तरीही काही येत नसेल तर विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. याने विंडोज ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. ‘बीप’ असा आवाज आला म्हणजे विंडोज जिवंत आहे, फक्त चित्र बाहेर पडत नाही. आवाज नाही, कॅप्स लॉकचा दिवाही पेटत-विझत नाही, तर मशीन खरंच गोठलंय.

मग विंडोजचं बटण आणि पी. अपडेटनंतर कधी कधी विंडोज चित्र ‘फक्त दुसऱ्या पडद्यावर’ पाठवतं. तो दुसरा पडदा म्हणजे कोपऱ्यात केबल लावून ठेवलेला टीव्ही असतो. पी दाबत गेलात की पर्याय बदलत जातात. काही दिसत नसलं तरी एकेकदा दाबून एंटर मारा, थांबा, पुन्हा करून बघा. टीव्हीची केबल उपटून टाकणं त्याहून सोपं.

केबल कुठे लागलीय तेही बघा. कॅबिनेटच्या मागे दोन ठिकाणी डिस्प्लेची पोर्ट असतात: वर उभी रांग मदरबोर्डची, खाली आडवी ग्राफिक्स कार्डाची. वेगळं कार्ड असेल तर मॉनिटर खालच्या पोर्टला हवा. ‘पण आत्तापर्यंत वरच चालत होतं’ असं असेल तर आत्तापर्यंत तुम्ही प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर काम करत होतात, कार्ड नुसतंच बसून होतं. नवा ड्रायव्हर आल्यावर ते उघडकीला आलं, एवढंच.

याचा उलटा फायदाही होतो. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्डाचा ड्रायव्हर बिघडल्यावर केबल वरच्या पोर्टला लावून काम चालवता येतं. मात्र कार्ड बसवलेलं असताना बरेच मदरबोर्ड आतलं ग्राफिक्स बंद ठेवतात. तसं असेल तर मशीन बंद करून, प्लग काढून, कार्ड बाहेर काढावं लागतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ आहे त्यांच्यात ग्राफिक्स नसतंच, तिथे हा मार्ग बंद.

न दिसणाऱ्या पडद्यातून सेफ मोडमध्ये

लोगो दिसतो आणि मग अंधार, हे नक्की झालं असेल तर सेफ मोड गाठायचा. तिथे विंडोज तुमचा ड्रायव्हर बाजूला ठेवून मायक्रोसॉफ्टचा बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर वापरतं. पडदा दिसत नसताना तिथे जायचं कसं, हा खरा प्रश्न.

मशीन चालू करा, फिरणारं वर्तुळ दिसलं की पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की पुढच्या वेळी विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या पडद्यावर येतं. एरवी असं मशीन बंद करू नये, पण इथे दुसरा इलाज नाही. त्या पडद्यावर ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ घ्या. पुढे ‘ट्रबलशूट’, पुन्हा ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, ‘रीस्टार्ट’. मग येणाऱ्या यादीत ४ म्हणजे सेफ मोड, ५ म्हणजे नेटवर्कसह सेफ मोड. त्याच यादीतल्या ३ क्रमांकाकडे कुणी बघत नाही: कमी रिझोल्यूशनचा डिस्प्ले. अपडेटनंतर ड्रायव्हरने मॉनिटरला न झेपणारं रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो आकडा) लावला असेल आणि मॉनिटर ‘आउट ऑफ रेंज’ म्हणत असेल, तर ड्रायव्हर न काढता इथूनच सेटिंग दुरुस्त होतं.

दुरुस्तीचा हा पडदाही काळाच आला तर थांबा आणि पुन्हा केबलकडे, कार्डाकडे वळा. या टप्प्यावर तुमचा ड्रायव्हर चाललेलाच नसतो.

दोन अडथळे इथे हमखास येतात. पहिला बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एनक्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. ड्राइव्ह एनक्रिप्ट केलेली असेल तर सेफ मोडच्या वाटेवर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. बऱ्याच जणांना ड्राइव्ह एनक्रिप्ट झालीय हे कळतं तेच या पडद्यावर, कारण नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ते आपोआप चालू होऊ शकतं. ही की सहसा त्याच अकाउंटवर साठवलेली असते, फोनवरून लॉगिन करून मिळते. दुसरा अडथळा पिनचा. सेफ मोडमध्ये चार आकडी पिन कधी कधी चालत नाही, अकाउंटचा पासवर्ड लागतो. म्हणून एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग्जच्या टूलमध्ये ‘सेफ बूट’वर टिक करून रीस्टार्ट करायचा सल्ला मला पटत नाही. पासवर्ड आठवला नाही तर मशीन दर वेळी सेफ मोडमध्येच उघडतं आणि ती टिक काढायला आतही जाता येत नाही.

मागे जायचं की पुसून काढायचं

सेफ मोडमध्ये आलात की डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘डिस्प्ले ॲडॅप्टर्स’खाली कार्डाच्या नावावर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘ड्रायव्हर’ टॅब. तिथे ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण दाबता येत असेल तर आधी तेच करा. काल चालत होता तोच ड्रायव्हर परत येतो, बाकी कशाला धक्का नाही. बटण पुसट असेल तर विंडोजकडे आधीचा ड्रायव्हर शिल्लक नाही. मग सिस्टम रिस्टोअर, म्हणजे विंडोज आधीच्या तारखेच्या अवस्थेत नेणारी सोय, बघा. दुरुस्तीच्या पडद्यावरूनही ते चालतं.

दोन्ही नसेल, किंवा रोल बॅक करूनही फरक नसेल, तर ड्रायव्हर मुळासकट काढायचा. त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे लोक ज्याला डीडीयू म्हणतात ते, नाहीतर एएमडी कार्डासाठी एएमडीचंच क्लीनअप युटिलिटी. डीडीयूचं काम चांगलं आहे, पण पायऱ्या चुकल्या तर फायदा शून्य. आधी हवा तो ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरवून डिस्कवर ठेवा. मग नेटची केबल काढा, वायफाय बंद करा. मग सेफ मोड, डीडीयू, ‘क्लीन अँड रीस्टार्ट’. मशीन परत आलं की नेट बंदच ठेवून ड्रायव्हर टाका, पुन्हा एकदा रीस्टार्ट, आणि त्यानंतरच नेट जोडा.

नेट बंद ठेवण्यावर भर देतोय त्याचं कारण असं. डीडीयू चालवल्यावर विंडोजला बिनड्रायव्हरचं कार्ड दिसतं. नेट असेल तर विंडोज अपडेट स्वतःच्या साठ्यातला ड्रायव्हर लगेच उतरवायला लागतं, आणि त्याच वेळी तुम्ही तुमचा इन्स्टॉलर चालवलेला असतो. दोन गवंडी एकाच भिंतीवर वेगवेगळ्या मापाच्या विटा लावायला लागले की जे होईल तेच होतं. २०२३ मध्ये एएमडीनेही मान्य केलं होतं की त्यांचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत असताना विंडोजचा अपडेट आडवा आला तर क्वचित अडचण येऊ शकते, आणि तोवर इन्स्टॉलरमधला ‘फॅक्टरी रीसेट’ हा पर्याय निवडू नका असंही सांगितलं होतं. ड्रायव्हर टाकण्याआधी विंडोजचे सगळे अपडेट उरकून घेणं उत्तम.

दर अपडेटला डीडीयू चालवायची सवय काहींना असते. गरज नाही. एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमध्ये ‘कस्टम’ घेऊन ‘क्लीन इन्स्टॉलेशन’वर टिक केली की बहुतेक वेळा भागतं. कार्डाची कंपनी बदलली, एएमडी काढून एनव्हिडिया आलं किंवा उलट, तेव्हा मात्र डीडीयू जरूर.

दुखणं परत का येतं

ड्रायव्हर काढला, जुना टाकला, चाललं. काही दिवसांनी पुन्हा अंधार. इथे सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटची ‘अपडेट हिस्टरी’ उघडून ‘ड्रायव्हर अपडेट्स’ हा भाग बघा. तिथे डिस्प्ले ड्रायव्हरच्या नावापुढे बिघाडाच्या दिवसाची तारीख असेल तर तुमच्या नकळत विंडोजने ड्रायव्हर बदललाय. ‘रिलायबिलिटी मॉनिटर’मध्ये हीच गोष्ट दिवसावार दिसते. विंडोजमधली ही एक गुणी आणि दुर्लक्षित सोय आहे. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की सापडते.

विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या प्रगत सेटिंग्जमध्ये) विंडोज अपडेटखाली, अपडेटबरोबर ड्रायव्हर देऊ नका, असा पर्याय आहे. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी नाही. तिथे ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’मध्ये ‘नो’ निवडा. डीडीयूमध्येही विंडोज अपडेटला ड्रायव्हर आणण्यापासून रोखायची टिक आहे. पण कुठल्याही मार्गाने हे बंद केलंत की प्रिंटरपासून ब्लूटूथपर्यंत सगळ्यांचेच ड्रायव्हर यायचे थांबतात. महिनाभराने नवा प्रिंटर ओळखला जात नाही तेव्हा हे आठवायला हवं.

आणखी एक कारण फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केलं की कर्नलची, म्हणजे विंडोजच्या गाभ्याची, अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. त्यामुळे ड्रायव्हर टाकल्यावर शट डाउन करून सकाळी चालू केलं आणि पडदा काळा आला, तर आधी रीस्टार्ट करून बघा. रीस्टार्टनंतर चित्र येतं आणि शट डाउननंतर जातं, असं ठरावीकपणे होत असेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करा. एसएसडी असेल तर सुरू होण्याच्या वेळेत फारसा फरक जाणवणार नाही.

पूर्ण अंधार नाही, पण चित्र ठीकही नाही

पडदा क्षणभर जाऊन परत येत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरच्या (विंडोजच्या नोंदवहीच्या) ‘सिस्टम’ लॉगमध्ये ४१०१ हा क्रमांक शोधा. डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं आणि तो सावरला, असा त्याचा अर्थ. ग्राफिक्स कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज त्याला रीसेट करतं. मिनिटभरात असं पाचपेक्षा जास्त वेळा झालं की निळा पडदा, म्हणजे विंडोज कोसळतं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) ही २ सेकंदांची मुदत वाढवायचा सल्ला सर्रास दिला जातो. जड रेंडरिंग करणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे. इतरांसाठी तो दुखणं झाकायचा प्रकार.

दोन मॉनिटर वेगवेगळ्या रिफ्रेश रेटचे आहेत आणि ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू असताना पडदा लुकलुकतो, तर दोन्ही मॉनिटर काही वेळ एकाच रिफ्रेश रेटवर आणून बघा. ब्राउझरचं हार्डवेअर ॲक्सिलरेशन (ब्राउझरचं काम कार्डाकडून करून घेणारं सेटिंग) बंद करूनही बघा. फरक पडला तर नेमकं कुठे पकडायचं ते कळलं. एचडीआर, जी-सिंक आणि फ्रीसिंक ही मॉनिटरची सेटिंग्जही याच पद्धतीने एकेक करून बंद करा, एकदम नाही.

अक्षरं मोठी, चित्र ताणलेलं, रिझोल्यूशन बदलता येत नाही? मग ड्रायव्हर चढलाच नाही, बेसिक ॲडॅप्टर चालू आहे. तुम्ही उतरवलेला ड्रायव्हर तुमच्या कार्डाला लागू आहे का ते तपासा. जीटीएक्स ९०० आणि १० मालिकांसाठी एनव्हिडियाने गेम रेडी (नव्या गेमसाठीचे) ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, पुढे २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट. अशा कार्डावर सर्वात नवा ड्रायव्हर टाकायचा अट्टहास फुकट आहे.

लिनक्सवर गोष्ट थोडी वेगळी. तिथे बहुतेकदा कर्नल अपडेट होतो आणि एनव्हिडियाचं मॉड्यूल (तिथला ड्रायव्हर) त्या कर्नलसाठी तयारच झालेलं नसतं, नाहीतर सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना सॉफ्टवेअरची सही तपासणारी सोय, ते स्वीकारत नाही. ग्रबच्या (लिनक्स सुरू होतानाच्या) मेनूतून आधीचा कर्नल निवडा. चाललं तर निदान झालं. नाहीच तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून टर्मिनल मिळतं का बघा, तिथून मॉड्यूल पुन्हा बसवता येतं.

ड्रायव्हर खरंच वाईट असतो का

असतो, आणि कंपन्यांनी ते कबूलही केलंय. एनव्हिडियाचा १९६.७५ हा ड्रायव्हर पंख्याच्या नियंत्रणात घोळ घालत असल्याने मार्च २०१० मध्ये मागे घ्यावा लागला. २०१५ च्या अखेरीस एएमडीच्या क्रिमसन ड्रायव्हरमध्ये काही कार्डांचे पंखे कमी वेगावर अडकत होते. मार्च २०१६ मध्ये एनव्हिडियाच्या ३६४.४७ ने कित्येकांची मशीन सुरूच होईनाशी झाली आणि लगोलग ३६४.५१ आला. २०२५ च्या सुरुवातीला आरटीएक्स ५० मालिकेवर काळ्या पडद्याच्या तक्रारी आल्या, तेव्हाही एकामागून एक दुरुस्त्या काढाव्या लागल्या. तेव्हा नवा ड्रायव्हर आला त्याच दिवशी टाकायची गरज नवीन गेम खेळणाऱ्यालाच. बाकीच्यांनी एनव्हिडियाचा स्टुडिओ किंवा एएमडीचा ‘रेकमेंडेड’ ड्रायव्हर घ्यावा, आणि आत्ता नीट चालणाऱ्या ड्रायव्हरची इन्स्टॉलर फाइल जपून ठेवावी.

पण महिनोनमहिने व्यवस्थित चाललेल्या जुन्या ड्रायव्हरवर परत जाऊनही पडदा जात असेल, तर ड्रायव्हरला सोडून द्या. ओव्हरक्लॉक (वाढवलेला वेग), अंडरव्होल्ट (कमी केलेला व्होल्टेज) काढा. रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल (रॅमला जास्त वेगाने चालवणारं बायोसमधलं सेटिंग) बंद करून बघा. कार्डाच्या पॉवर केबल पूर्ण आत गेल्यात का बघा, आणि एकाच केबलची दोन टोकं कार्डाला लावली असतील तर पॉवर सप्लायपासून दोन वेगळ्या केबल आणा. सेफ मोडमध्ये सगळं ठीक चालतं म्हणजे कार्ड ठीक, असं नाही. तिथे कार्डावर भारच पडत नाही.

कधी प्रोसेसरही ग्राफिक्सचं सोंग घेतो. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरच्या अस्थिरतेमुळे गेम ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ म्हणत बंद पडायचे आणि दोष कार्डावर जायचा. इंटेलने २०२४ मध्ये त्यासाठी मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या, त्या बायोस अपडेटमधून येतात. ड्रायव्हरची फाइल उघडतानाच पुन्हा पुन्हा एरर येत असेल आणि प्रोसेसर यांपैकी असेल, तर आधी बायोस अपडेट करा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डापुढे पिवळं चिन्ह आणि कोड ४३ (अडचण आल्याने विंडोजने कार्ड थांबवलं, ही खूण) असेल तर एकदा डीडीयू लावून स्वच्छ ड्रायव्हर टाका. तरी ४३ च दिसत राहिला, तर कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये लावून बघा. तिथेही तेच झालं की वॉरंटीचा कागद काढा. सोबत पडदा जातानाचा व्हिडिओ जोडा आणि लोगो दिसतो की नाही, कुठले दोन ड्रायव्हर टाकून पाहिले, दुसऱ्या मशीनवर काय झालं, हे तक्रारीच्या पहिल्याच ईमेलमध्ये लिहा. नाहीतर पहिलं उत्तर ‘कृपया ड्रायव्हर अपडेट करून बघा’ असंच येईल.